फ्रिजमागचे पाय

माणसाने रागाच्या भरात मोबाइल हातात घेऊ नये. घेतलाच तर व्याह्यांना फोन करू नये आणि महल्ल्याच्या ग्रुपवर शुद्ध भाषेत मजकूर टाकू नये. व्याह्यांचं प्रकरण वेगळं आहे, ते इथे नको. मी सांगतोय ते दुसरं. मे महिना संपत आला होता, तुती पिकून रस्त्यावर काळा सडा पडला होता, आणि मी, तुरोब दोमला, म्हणजे तुरोब मास्तर, गणिताचा, आता निवृत्त, जन्मात कुणाच्या अध्यात ना मध्यात, एका मजकुरापायी अख्ख्या वस्तीच्या घरांवर नांगर फिरवायला निघालो. आजही ग्रुपवर टिंग वाजलं की मी मोबाइल उशीखाली ढकलतो.

निमित्त शोमुरोदचं. हा आमच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहतो. फर्निचरचा धंदा आहे, त्यामुळे घरात रात्रंदिवस काहीतरी सरकत असतं. त्याने ग्रुपवर कळवलं की आपण एसी घेतोय आणि बाहेरचा खोका बाजूच्या भिंतीवर ठोकणार आहोत, कुणाची हरकत नसावी. आता ताश्कंदमधल्या आमच्या अनोरझोर वस्तीत सगळ्या इमारती सारख्याच. चार मजली, राखाडी, भूकंपानंतर घाईघाईने उभ्या केलेल्या. बाहेरगावचा पाहुणा हटकून चुकीच्या घराची बेल वाजवतो आणि तिथेच जेवून जातो. पण आमच्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर छपरापासून खालपर्यंत रंगीत तुकडे जोडून केलेली एक पोरगी आहे. डोक्यावर डाळिंबांचं ताट, पाठीमागे सूर्य. शोमुरोदचा खोका बरोबर तिच्या नाकावर येत होता.

खरं सांगतो, इतकी वर्षं त्या पोरीकडे मी कधी धड मान वर करून पाहिलं नव्हतं. पण शोमुरोदचं नाव वाचलं आणि डोकं सणकलं. लिहिलं: ‘महल्लाबंधूंनो! डोळ्यांदेखत कलेची नासिका छेदली जात असता मौन बाळगणे हा गुन्हा होय. ज्या समाजाला आपल्या भिंती वाचता येत नाहीत, तो समाज निरक्षरच म्हणावा लागेल.’ खाली सही, शिक्षण, सगळं.

मजकुरात एक बारीकशी गोष्ट घालायची राहून गेली. त्या पोरीला पाय नाहीत. म्हणजे आहेत, पण दिसत नाहीत, कारण गुडघ्यापासून खाली माझं स्वयंपाकघर आहे. तळमजल्यावर राहणारा प्रत्येक जण एक खोली बाहेर काढतोच, तशी आम्हीही काढली. परवानगी वगैरे कुणी काढत नाही, आम्हीही काढली नाही. आत आलेली ती चित्राची भिंत खडबडीत होती, वॉलपेपर बसेना, म्हणून त्यावर लाकडी चौकट ठोकून पातळ फळ्या मारल्या, वर फुलाफुलांचा कागद, आणि समोर फ्रिज. माझ्या बायकोचा, मुकद्दसचा, त्या खोलीवर आमच्या मुलांपेक्षा जास्त जीव.

मजकूर कुणीतरी कुठेतरी पुढे पाठवला आणि एका मुलीचा फोन आला. नाव दिल्नवोझ. शहरातल्या जुन्या इमारती, चित्रं, नक्षीकाम लोकांना पायी फिरून दाखवण्याचा तिचा उद्योग.

“दोमला, तुमचं वाचून माझ्या अंगावर काटा आला. रविवारी आम्ही अनोरझोरला येतोय. लोकांना तुम्हीच हिंडवा, तुम्हीच सांगा.”

“मी? मी गणिताचा माणूस...”

“तुमच्यासारखं ह्या भिंतींवर प्रेम कोण करतंय हो आता!”

सेवानिवृत्त माणसाला असं कुणी बोललं की तो गेला. मी हो म्हणालो.

मुकद्दस मोठ्या परातीत कणीक मळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाली, “अहो, म्हणजे त्या भिंतीवर प्रेम करणारे लोक ती भिंत बघायला येणार.”

“हो.”

“आणि भिंतीला आपलं स्वयंपाकघर चिकटलेलं.”

एवढा सोपा हिशेब मला सुटला नव्हता. त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

पण ही भीती म्हणजे नुसती चटणी होती, जेवण पुढे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्सकाल दारात. अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा, महल्ल्याचा प्रमुख. आमच्या हायितबॉय अक्सकालना दाढी नाही, टक्कल आहे, पण अधिकार पुरेपूर. आत आले, चहाचा पेला हातात घेतला आणि प्यायलेच नाहीत. आमच्याकडे माणसाने चहा हातात धरून ठेवला तर समजावं, कुणीतरी गेलंय.

“दोमला, रविवारी कोण येतंय?”

“हौशी लोक आहेत. इमारती बघायला.”

“इमारती. बघायला.” त्यांनी दोन्ही शब्द वेगवेगळे तोलून पाहिले. “पलीकडच्या वस्तीतपण बघायलाच आले होते. हसत आले, फोटो काढले, मुलांना चॉकलेट दिलं. पुढच्या वर्षी तिथे काय होतं? खड्डा होता.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. पण आमच्या शहरात अनोळखी माणूस मान वर करून घराकडे बघायला लागला तर त्याचे अर्थ दोनच. एक तर तो किल्ली विसरलाय, नाहीतर घर पडणार आहे. आणि वीस-पंचवीस माणसं एकदम किल्ली विसरत नाहीत.

“पण एक आहे,” अक्सकाल कुजबुजले. “त्या खड्ड्याच्या कडेला एक इमारत ठेवलीय. का? तिच्यावर चित्र होतं. चित्र असलं की हात लावत नाहीत म्हणतात. तेव्हा रविवारी तुमच्या जिभेवर आमची घरं आहेत. कौतुक करा. आभाळाला भिडवा. ह्या वस्तीतला उकिरडासुद्धा कलाकृती आहे असं वाटलं पाहिजे त्यांना.”

“आणि माझं स्वयंपाकघर?”

“तुमचं स्वयंपाकघर त्या पोरीच्या पायांवर बसलंय, ते लपवायचं कसं ते तुम्ही बघा. गणित तुमचं.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चित्र थोर ठरलं तर स्वयंपाकघर जाणार, आणि थोर नाही ठरलं तर स्वयंपाकघरासकट आम्ही सगळेच जाणार. मी दिल्नवोझला फोन केला. नका येऊ म्हणून नाही, तेवढं धैर्य नव्हतं. फक्त सहज विचारलं की तुमच्यात सरकारी कुणी नाही ना. ती हसून म्हणाली, “कोणीही येऊ शकतं, दोमला, सगळ्यांना मोकळं आहे!” मी घाईघाईने फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत वस्ती पेटली. आमच्याकडे वरून कुणी येणार म्हटलं की झाडांचे बुंधे आणि रस्त्याच्या कडेचे दगड चुन्याने रंगवतात. कुणी सांगावं लागत नाही, रक्तातच आहे. बादल्या निघाल्या. जे उभं होतं ते कमरेपर्यंत पांढरं झालं, त्यात कुणाची तरी सायकलही गेली. पाडापाडीच्या भरपाईत झाडंही धरतात असं शोमुरोदला कुणीतरी सांगितलं, म्हणून त्याने अंगणात डाळिंबाच्या काड्या खोचल्या. मुळं नसलेल्या. बायकांनी गाद्या-रजया उन्हात टाकल्या, का ते त्यांनाच ठाऊक. आणि येणारा-जाणारा मला सल्ला देत होता. कुणी म्हणे टाय घाला, कुणी म्हणे टाय घालू नका, श्रीमंत समजतील. शोमुरोद तर खिडकीतून ओरडला, “दोमला, माझ्या एसीवर जळलात आणि सगळ्यांची घरं घालवलीत! आता फेडा!”

एकच माणूस खुशीत होता. रिख्सी खोला. खोला म्हणजे मावशी, आणि ही सगळ्या वस्तीची मावशी. सत्तरी उलटलेली, पाय सुजलेले, जीभ शाबूत. हिचं म्हणणं असं, की भिंतीवरची पोरगी म्हणजे तीच. इमारती बांधत होते तेव्हा ती गवंड्यांना पाणी नेऊन द्यायची, आणि एका दाढीवाल्या चित्रकाराने तिला भिंतीसमोर अनवाणी उभं करून कागदावर उतरवलं. चित्र पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न झालं, ती कोकंदला गेली. नवरा वारल्यावर भावाच्या घरी परत आली तेव्हा आमचं स्वयंपाकघर उभं होतं. तोंड कुणाचंही असू शकतं, मोठ्ठे डोळे, सरळ नाक, सगळ्या चित्रांत तेच असतं. म्हणून ती म्हणायची, “पाय बघा. पाय खोटं बोलत नाहीत.” वर्षातून एकदा तरी मुकद्दसकडे यायची. “तेवढा फ्रिज सरकव ना गं.” मुकद्दस तिला चहा द्यायची आणि विषय बदलायची. पोरंटोरं तिला पाठीमागे ‘डाळिंबराणी’ म्हणत. तोंडावर कुणी विश्वास ठेवत नसे.

“तुरोबजान,” ती मला म्हणाली, “रविवारी सांग हं त्यांना, ती मी आहे म्हणून.”

“खोला, तुमच्या डोक्यावर छप्पर राहतंय की नाही त्याची चिंता करा.”

“छप्पर काय रे, असतं नसतं.”

रविवारी सकाळी मी ब्लडप्रेशरची गोळी घेतली. मग घेतली का ते आठवेना, म्हणून अर्धी आणखी घेतली. टाय अर्धा बांधून सोडून दिला. मुकद्दसने तोवर सामशांचा, म्हणजे आमच्याकडच्या भट्टीत भाजलेल्या समोशांचा, डोंगर केला होता, कारण घर पाडायला आलेला असला तरी पाहुणा तो पाहुणा.

दिल्नवोझ हसतमुख पोरगी होती. तिच्याबरोबरचे लोक गळ्यात कॅमेरे अडकवून, टोप्या घालून, बसथांब्याच्या छपराकडे बघून ‘वा!’ म्हणत होते. आमच्या बसथांब्याकडे बघून आजवर कुणी वा म्हटलेलं नाही. मी मनात म्हटलं, हसत आले, फोटो काढतायत, आता फक्त चॉकलेट बाकी आहे.

आणि मग मला तो दिसला. आमच्या इमारतीच्या बाजूच्या भिंतीखाली एकटाच उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला जड काळी पिशवी. त्याच्या हातात एक छोटं यंत्र होतं. त्याने ते भिंतीवर रोखलं आणि पोरीच्या हनुवटीवर लाल ठिपका उमटला. यंत्राकडे बघितलं, मान हलवली. मग ठिपका हळूहळू खाली आला, पोटावरून, गुडघ्यांवरून, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या छपरावर थांबला.

अक्सकालनी माझा दंड इतक्या जोरात धरला की पुढे आठवडाभर निळं होतं. “मोजणीवाला,” ते म्हणाले.

मी जवळ गेलो. छातीवर हात ठेवून सलाम केला. “आपण... बघायला आलात?”

“हं,” तो म्हणाला.

“आपण वरून आलात?”

त्याने वर, दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. “हं,” म्हणाला.

बास. एक शब्द बोलत नव्हता. खरा अधिकारी कमीच बोलतो, हे मी नोकरीत शिकलोय. आमच्या शाळेत तपासणीला येणारे बडबडे असायचे ते चहा पिऊन जायचे, आणि गप्प बसायचे ते बदली करून जायचे. हा तर ओठ गच्च मिटून, खालचा ओठ जरा पुढे काढून असा उभा होता, जणू आमच्याबद्दल त्याचं मत कधीच झालं होतं.

मग मी बोलायला लागलो. लोक दिल्नवोझचे, पण मी बोलत होतो त्या माणसाशी. तोंड थांबेचना. जिन्यावरच्या सिमेंटच्या जाळ्या दाखवल्या. ऊन गाळून सावली विणणारा कारागीर असा शब्द कुठून आला कोण जाणे. बसथांब्याचं छप्पर म्हणजे लाट आहे म्हणालो. समुद्र आमच्यापासून इतका लांब की लाट इथल्या कुणी पाहिलेली नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. अंगणातली गालिचे बडवायची दांडी आली. अक्सकाल मागून ढोसत होते, ‘तिचंही सांगा.’ मी म्हणालो, “ही दांडी. वस्तीच्या स्त्रीजीवनाचं हे... हे... शिल्प.” एक बाई भारावून दांडीला टेकल्या. ताजा चुना होता.

वरून खिडक्या-खिडक्यांतून आवाज सुरू झाले. “दोमला, आमच्या बाल्कनीची काच विसरलात!” “दोमला, माझा दरवाजा, सासऱ्यांनी कोरलाय!” शोमुरोद तर अंगणातच उतरला. एका हाताने डाळिंबाची काडी सरळ धरून म्हणतो, “हे झाड फार जुनं आहे, साहेब.” साहेब म्हणाले, “हं.” काडी पडली.

दिल्नवोझ मात्र भलतीच खूश. “दोमला, तुम्ही तर खजिना आहात!” खजिन्याला घाम फुटला होता. आता फक्त भिंत राहिली होती.

सगळे भिंतीखाली जमले. मी लोकांना शक्य तेवढं लांब, पाण्याच्या पाटाच्या पलीकडे उभं करून, वरचा सूर्य दाखवत होतो. सूर्यावर मी खूप बोललो. सूर्याची किरणं मोजून दाखवली, कोन सांगितले. पण तिथे एक आगाऊ म्हातारा होता, टोपीवाला. तो म्हणाला, “आणि पाय?”

“किरणांकडे बघा...”

“पाय कुठे गेले हिचे?”

मी पुन्हा सूर्याकडे बोट केलं. तेवढ्यात ठिपका पुन्हा माझ्या स्वयंपाकघरावर येऊन थांबला. आतून मुकद्दस पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आली आणि ठिपका तिच्या कपाळावर पडला. ती जागच्या जागी उभी राहिली. इतकी वर्षं संसार केला, तिला घाबरलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि माझी भीती दुप्पट झाली.

“पाय आहेत!” गर्दीतून रिख्सी खोला काठी टेकत पुढे आली. “आत आहेत. आणि माझेच आहेत. मला उभी केली होती त्यानं, अनवाणी, इथे, ह्या जागी.”

कुणीतरी फिसकन हसलं. दिल्नवोझ हसली नाही. ती म्हणाली, “चित्रातली व्यक्ती जिवंत आहे? हे कळलं तर चित्राचं मोलच बदलेल हो. कुणी हात लावणार नाही ह्या भिंतीला!”

झालं. हे शब्द अक्सकालच्या कानात पडले आणि ते माझ्याकडे वळले. “दाखव.” इतकी वर्षं अहोजाहो होतं, ते गेलं. “दाखव रे! एका फ्रिजपायी सगळ्यांची घरं घालवतोस काय?”

“अक्सकाल, माझं स्वयंपाकघर...”

“साहेब,” अक्सकाल त्या माणसाकडे वळले, हात छातीशी, “पाय दाखवले तर इमारत वाचेल ना?”

साहेबांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. “हं.”

मग जे झालं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. दारात चपला-बुटांचा ढीग. फुलाफुलांच्या कागदासमोर टोप्या काढून उभे असलेले लोक. सामशांचं ताट डोक्यावरून हातोहात जातंय. शोमुरोद ड्रिल घेऊन आला, तोच ड्रिल, एसीसाठी आणलेला, आणि त्याच्या तोंडावर असं समाधान होतं की मी मान फिरवली. चौघांनी फ्रिज ओढला. फ्रिजमागे इतक्या वर्षांत हरवलेलं सगळं होतं, माझा चश्मा, मुलाची शिट्टी, आणि एक लसूण ज्याला झाड आलं होतं. लोकांनी त्याचाही फोटो काढला. मुकद्दस कोपऱ्यात डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून उभी. मी तिच्याकडे बघण्याची हिंमत केली नाही. साहेब चुलीपाशी, सगळ्यात मानाच्या जागी, स्टुलावर.

फळी सुटली. धूळ उडाली. मुकद्दसने, सवय जात नाही, ओलं फडकं आणून पुढे होऊन भिंत पुसली.

आणि पाय दिसले. माणसाच्या पायांपेक्षा मोठे, गव्हाळ, निळसर मातीवर टेकलेले. आम्ही रोज जिथून दही काढत होतो त्याच्या मागे, हातभर अंतरावर. एकही तुकडा पडलेला नव्हता.

रिख्सी खोलाने काठी माझ्या हातात दिली. रबरी बूट काढला, मोजा ओढला आणि भिंतीचा आधार घेऊन आपला सुजका, निळ्या शिरांचा पाय त्या पायाशेजारी ठेवला. तिच्या उजव्या पायाचं धाकटं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं आहे. भिंतीवरच्या उजव्या पायाचं धाकटं बोटही शेजारच्या बोटावर चढलेलं होतं. एक छोटासा तुकडा मुद्दाम वर बसवलेला. लांबून बघणाऱ्या कुणाला तो दिसलाही नसता, पण चित्रकाराने बसवला होता.

“बघितलंस?” ती मुकद्दसला म्हणाली. दुसरं काहीच नाही. इतकी वर्षं थट्टा सोसली आणि एवढंच म्हणाली.

मुकद्दस रडायला लागली. दिल्नवोझ रडली. चुना लागलेल्या बाई रडल्या. अक्सकालनी टक्कल पुसलं आणि ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. “साहेब, आता बोला. आमची घरं राहिली ना?”

साहेब उठले. दारातून बाहेर गेले, पाटाच्या कडेला वाकले आणि पचकन थुंकले. जिभेखाली हिरवी तंबाखू होती, आम्ही तिला नोस म्हणतो. ती तोंडात असली की माणूस फक्त ‘हं’ एवढंच म्हणू शकतो. अर्ध्या ताश्कंदच्या जिभेखाली ती असते. हे मला, अक्सकालना, कुणालाही सुचलं नव्हतं. तोंड धुऊन ते परत आले आणि बारीक, विनयशील आवाजात मुकद्दसला म्हणाले, “सामशांचा वास फार छान येतोय, ओपा. पण माझी पुढची कामं खोळंबलीयत. एसी कुणाकडे बसवायचाय? दुकानातून नुसता दुसरा मजला सांगितलाय.”

शोमुरोदच्या हातातला ड्रिल खाली आला.

“सकाळपासून विचारतोय,” तो बिचारा म्हणाला, “म्हणजे विचारणारच होतो. भिंत मोजली, नळी किती लागेल बघितलं. मला वाटलं, ह्या सगळ्यांनाच बसवायचाय.”

अक्सकालनी माझ्याकडे पाहिलं, मी अक्सकालांकडे. पाडायला कुणी आलेलंच नव्हतं. कुणी येणारही नव्हतं. लोक चित्र बघायला आले होते, चित्र बघून, हात चिकट करून, चुना-तुतीचे डाग घेऊन, पुन्हा येऊ म्हणत आनंदाने गेले. मला हलकं वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं, कारण मुकद्दस अजून त्या पायांसमोर उभी होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं जे मी ओळखतो. लग्नानंतर ते तोंड मी जेव्हा जेव्हा पाहिलंय तेव्हा घरातली भिंत हललीय.

“फळी परत लावू ना?” मी हळूच विचारलं.

“नको.”

“मग फ्रिज...”

“फ्रिज परत तिथे जायचा नाही.” मग रुमालाने डोळे पुसून म्हणाली, “दर वर्षी यायची हो ती. आणि मी चहा देऊन वाटेला लावायची. तिला ती एकदा तरी पूर्ण बघू दे, डोक्यापासून पायापर्यंत, अंगणातून. पाडा हे.”

“अगं, तुझं स्वयंपाकघर! आपण भीतीनं मेलो ते ह्याच्यासाठी ना!”

“माझंच आहे ना? मग मी सांगतेय. पाडा.”

आमच्याकडे एकट्याला न झेपणारं काम निघालं की हशार घालतात. म्हणजे सगळा महल्ला येतो, फुकट राबतो आणि पुलाव खाऊन जातो. पुढच्या रविवारी हशार झाला. घर पाडायला कुणीतरी येणार म्हणून आठवडाभर ज्यांची पाचावर धारण बसली होती, ते सगळे हातोडे, पहारी घेऊन माझ्या दारात हजर. अक्सकाल बाह्या सरसावून. शोमुरोदचा हातोडा सगळ्यांत मोठा, आणि प्रत्येक घावाला तो “माफ करा हं, दोमला” म्हणत होता, गाऊन. मी पहिली वीट पडली तेव्हा डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा मुकद्दस स्वतःच गाजरं चिरता चिरता ओरडत होती, “कोपऱ्याला मारा, कोपऱ्याला!”

दुपारपर्यंत सगळं साफ. रिख्सी खोलाला अंगणात खुर्ची दिली. ती बसली आणि बघत राहिली. ताट, नाक, हात, घागऱ्याची घडी, गुडघे, पाय. पायांवर विटांची धूळ बसली होती.

“हात असे नव्हते माझे,” ती शेवटी म्हणाली. “हात त्यानं मनानं काढलेत. पाय माझे आहेत.”

मग उठली. पाटातून तांब्याभर पाणी घेतलं, भिंतीशी कशीबशी खाली बसली आणि त्या पोरीचे पाय धुतले, बोटाबोटांतून, ते चढलेलं बोट दोनदा. मुकद्दसने तिला टॉवेल नेऊन दिला. आम्ही पुरुष हातोडे खाली ठेवून उगाच आभाळाकडे बघत उभे होतो.

धुऊन झाल्यावर तिने हात पुसले आणि म्हणाली, “मुकद्दस, आता चहा ठेव गं.”

मुकद्दस लगबगीने वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. चहा ठेवायला स्वयंपाकघर कुठे होतं? सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं आणि कुणाला हसावं की काय करावं कळेना.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, पलीकडच्या बाजूने, शोमुरोदच्या बायकोने डोकं बाहेर काढलं. “वर या सगळे! किटली ठेवलीय. आणि खोलाला सांभाळून आणा, जिना उंच आहे.”

आम्ही खोलाला खुर्चीसकट उचलून वर नेलं. मीही गेलो. एसीचा खोका शोमुरोदने मागच्या भिंतीवर लावून घेतला होता. आत थंडगार होतं.